'होय' म्हणाले कोण?

विधानसभेत कायदा संमत होतो म्हणजे नेमकं काय होतं, हे आपल्यापैकी किती जणींनी पाहिलं असेल? टीव्हीवर आरडाओरडा दिसतो, भिरकावलेले कागद दिसतात, पायऱ्यांवरची घोषणाबाजी दिसते. पण कायदा संमत होण्याचा क्षण सहसा दिसत नाही, कारण तो फार छोटा असतो. अध्यक्ष म्हणतात, जे अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे. बाकांवरून एक आवाज उठतो. जे प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे. आणखी एक आवाज येतो, किंवा येत नाही. मग 'होय'चे बहुमत, 'होय'चे बहुमत, विधेयक संमत झाले. पुढचा विषय.

याला आवाजी मतदान म्हणतात. राज्यघटनेच्या १८९व्या कलमाप्रमाणे निर्णय व्हायचा तो हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने. ते बहुमत मोजायचं कसं, हे मात्र सभागृहाने आपल्या नियमांत ठरवायचं. आवाजी कौल कुणाला पटला नाही तर त्याने मतविभागणी मागायची. मग डोकी मोजली जातात. कुणी मागितलीच नाही, किंवा मागितली आणि अध्यक्षांनी मानली नाही, तर कोण काय म्हणालं याची नोंद कुठेही राहत नाही. कार्यवाहीत उरतं ते 'संमत झाले' एवढंच.

या लेखातून मला एकच मागणी मांडायची आहे. प्रत्येक विधेयकावर प्रत्येक आमदाराचं मत नावानिशी नोंदलं जावं, त्यासाठी प्रत्येक बाकावर विजेचं मतदान-बटण असावं आणि ती नोंद दुसऱ्या दिवशी लोकांना वाचायला मिळावी. मागणी रुक्ष वाटेल याची मला कल्पना आहे. हुंडा, मारझोड, पोटगी, रेशन हे विषय पडलेले असताना ही बाई बटणाचं काय घेऊन बसली, असंही काही जणी म्हणतील. पण पोटगीचा कायदा असो की रेशनचा, तो शेवटी त्या 'होय'मधूनच बाहेर येतो. आणि तो 'होय' कुणाचा, हे आपल्याला कधीच कळत नाही.

आधी आवाजाचंच बोलू. आवाजी मतदानात जे मोजलं जातं ते मत नसतं, घसा असतो. कुठला आवाज मोठा, हे अध्यक्षांच्या कानांनी ठरवायचं. आता २८८ जणांच्या विधानसभेत २०२४ च्या निवडणुकीत बायका निवडून आल्या २१. मुंबई उपनगर जिल्ह्याच्या २६ जागांपैकी ३. त्या २१ जणींनी एकमुखाने 'नाही' म्हटलं तरी २६७ पुरुषांच्या गदारोळात ते कुणाला ऐकू येणार? लहानपणापासून 'हळू बोल, आवाज चढवू नकोस' हे ऐकत वाढलेल्या बाईला आपण त्या सभागृहात पाठवतो आणि तिथे गेल्यावर सांगतो की तुझं मत तुझ्या आवाजाच्या मापाने धरलं जाईल! बटणाला घसा लागत नाही. पहिल्यांदा निवडून आलेल्या, अजून भाषणाला उभं राहण्याची भीड न चेपलेल्या बाईचं बटण आणि वीस वर्षं मैदानं गाजवलेल्या पुढाऱ्याचं बटण यांचं वजन एकच.

आणि 'एकमताने' हा शब्द. आपल्या घरांतून तो आपण चांगला ओळखतो. 'आमच्या घरात सगळ्यांचं एकच मत आहे' असं जेव्हा मुलीच्या लग्नाबद्दल सांगितलं जातं, तेव्हा त्या 'सगळ्यां'मध्ये मुलगी असतेच असं नाही. विधानसभेचं एकमतही पुष्कळदा याच जातीचं असतं.

डान्सबारचंच घ्या. २००५ सालच्या मार्चमध्ये तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदीची घोषणा केली. जुलैत मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती झाली. दोन्ही सभागृहांत एकमताने. सत्ताधारी आणि विरोधक एरवी पाण्याच्या टँकरवरूनही भांडतात. इथे कुणाचंच भांडण नव्हतं. त्या कायद्यात एक खुबी होती. साध्या बारमध्ये नाच बंद, पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना, क्लबांना, जिमखान्यांना सूट. म्हणजे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या बारमध्ये नाचली तर समाज बिघडतो आणि मोठ्या हॉटेलात नाचली तर बिघडत नाही. १५ ऑगस्टपासून बंदी अमलात आली. स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त साधला होता, हे वेगळं सांगायला नको.

त्या वर्षी एसएनडीटी विद्यापीठाच्या जुहूच्या आवारातल्या स्त्री-अभ्यास केंद्राने आणि स्त्री अत्याचार विरोधी मंचाने मिळून ५०० बारबालांची पाहणी केली होती. या बाया कोण, कुठून आल्या, घरात किती तोंडं आहेत, मिळकतीचं काय करतात, हे त्यांनी त्या बायांनाच विचारलं. बंदीने किती जणींचं काम जाणार, याचा ७५ हजार हा आकडा त्या काळात सगळीकडे घेतला जात होता. तो थोडा इकडेतिकडे धरला तरी एवढ्या बायांची रोजी एका 'होय'ने गेली, हे खरंच आहे. पाहणीतलं हे सगळं सभागृहात कुणी वाचलं का, वाचून कुणाचं मन चाळवलं का, कुणी निदान गप्प राहिलं का? आपण सांगू शकत नाही. 'एकमताने' या शब्दाखाली सगळे सारखे झाले.

पुढची हकिगत अशी. १२ एप्रिल २००६ ला मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली: समानतेचा आणि व्यवसायाचा हक्क मोडतो म्हणून. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १६ जुलै २०१३ ला तिथेही हरलं. दोन्ही न्यायालयांना खटकली होती ती तारांकित हॉटेलांची सूट. मग १३ जून २०१४ ला विधानसभेने नवी दुरुस्ती केली, ती सूटच काढून टाकली. चर्चा न होता, एकमताने! २००५ मध्ये सूट हवी यावर एकमत आणि २०१४ मध्ये सूट नको यावरही एकमत. दोन्ही वेळी सभागृहात असलेले आमदार थोडेथोडके नव्हते. त्यांतल्या एकालाही, 'बाबा, तू तेव्हा काय म्हणालास आणि आता काय म्हणतोस' असं कागद दाखवून विचारता येत नाही, कारण कागदच नाही. २०१५ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीला स्थगिती दिली. २०१६ च्या एप्रिलमध्ये आणखी एक कायदा, पुन्हा एकमताने. त्यातल्याही बऱ्याच अटी १७ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकल्या. तीन वेळा एकमत, तीन वेळा न्यायालयाची चपराक. आणि मधल्या चौदा वर्षांत त्या बायांचं काय झालं?

मी या कामात आले तेव्हा बंदीला दहाएक वर्षं होऊन गेली होती. त्या वेळी नाचणाऱ्या काही जणी मला पश्चिम उपनगरातल्या वस्त्यांमध्ये भेटल्या. कुणी त्याच बारमध्ये गिऱ्हाइकांना वाढायला लागली होती, कुणी आखातात जाऊन आली होती, कुणी भाड्याची खोली सोडून लेकरांना गावी ठेवून आली होती. वय वाढलेलं, नाचायचे दिवस गेलेले. न्यायालय जिंकलो म्हणून त्यांना आनंद झाल्याचं मला फारसं दिसलं नाही. एकीने विचारलं होतं, 'ताई, बंदी करणारे नक्की किती जण होते हो?' मी म्हटलं, सगळे. ती म्हणाली, 'सगळे कसे? आमच्याकडे येणारेही त्यात होते की.'

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. डान्सबारच्या प्रश्नावर आपल्या चळवळीतही दोन तट होते. बंदी हवी म्हणणाऱ्या संघटना होत्या. गावाकडून बायकांचे मोर्चे आले, पगार बारमध्ये उधळला जातो म्हणून रडणाऱ्या बायका होत्या, आणि त्यांचं रडणं खोटं नव्हतं. बाईचं काम हिरावून पुरुषाचं व्यसन सुटत नाही, असं मला वाटतं आणि मी बंदीच्या विरोधात आहे. पण बंदीच्या बाजूने असलेल्या मैत्रिणीलासुद्धा 'माझ्या आमदाराने बंदीच्या बाजूने मत दिलं' हे नोंदीवर हवंच असायला पाहिजे. उद्या त्याच आमदाराने परवाने वाटायला हात लावला तर तिला ती नोंद काढून दाखवता येईल. म्हणजे ही मागणी एका तटाची नाही.

आपल्याकडे पूर्वी मोजलंच जात नव्हतं असंही नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई प्रांताच्या विधानसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं होतं. बाईच्या शरीराचे हाल, वारंवारच्या बाळंतपणांनी येणारं मरण हे विषय त्या काळात, त्या सभागृहात! ठराव पडला. बाजूने ११, विरोधात ५२. हरलेला ठराव आहे, पण आज ऐंशीपेक्षा जास्त वर्षांनी आपण अभिमानाने म्हणू शकतो की ११ जण होते. मतविभागणी झाली म्हणून तो आकडा उरला. तेव्हा नुसता 'होय-नाही'चा गलका झाला असता तर इतिहासात राहिलं असतं फक्त 'नामंजूर'.

आवाजी मतदानाची सोय कुणाला होते, हे बायकांच्या प्रश्नाबाहेरचं एक उदाहरण घेतलं की चांगलं दिसतं. १२ नोव्हेंबर २०१४. देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारने विश्वासदर्शक ठराव मांडला. बहुमताला १४५ हवेत आणि भाजपकडे तेवढे नव्हते. ४१ आमदारांच्या राष्ट्रवादी काँग्रेसने बाहेरून पाठिंब्याची तयारी जाहीर केली होती. अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी आवाजी मतदान घेतलं, ठराव संमत झाल्याचं सांगितलं. शिवसेना आणि काँग्रेसने मतविभागणी मागितली; पुढचा विषय पुकारला गेल्यावर मागणी आली, असं कारण देऊन ती मानली गेली नाही. त्या एका 'होय'मुळे सरकार टिकलं आणि कुणी कुणाला पाठिंबा दिला हे कागदावर यायचं टळलं. ज्यांनी दिला त्यांचीही सोय झाली, ज्यांनी घेतला त्यांचीही.

उलट २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबरला आदेश दिला की बहुमताची चाचणी गुप्त मतदानाने होणार नाही, खुली होईल आणि तिचं थेट प्रक्षेपण होईल. ३० नोव्हेंबरला उद्धव ठाकरे यांच्या सरकारच्या बाजूने १६९ डोकी मोजली गेली. २०२२ च्या ३ जुलैला अध्यक्षांच्या निवडीत १६४ विरुद्ध १०७, दुसऱ्या दिवशी विश्वासदर्शक ठरावावर १६४ विरुद्ध ९९. सदस्य एकेक करून उभे राहिले, आपलं नाव आणि क्रमांक सांगून खाली बसले, आणि काही जण उभे राहिले की समोरून 'ईडी, ईडी' अशा आरोळ्या उठत होत्या. म्हणजे खुर्चीचा प्रश्न असला की आमच्या विधानसभेला मोजता येतं. प्रत्येक डोकं मोजता येतं, प्रत्येक नाव विचारता येतं. बाईच्या रोजीचा प्रश्न असला की कानाने भागतं.

ती शिरगणती पाहताना आणखी एक वाटलं. समोरून आरोळ्या येत असताना उभं राहून नाव सांगणं ही पुरुषालाही सोपी गोष्ट नाही. बाईला तर तिच्या चारित्र्यापासून नवऱ्याच्या धंद्यापर्यंत काहीही ऐकून घ्यावं लागतं. जागेवर बसून बटण दाबलं तर मत तेवढंच खुलं राहतं, नोंदही होते, पण मत देण्याचा क्षण तमाशा होत नाही.

हे यंत्र काही नवं नाही. विजेच्या दिव्याशी ज्याचं नाव आपण शाळेत जोडायला शिकलो त्या थॉमस एडिसनने घेतलेलं पहिलंच पेटंट मतनोंदणी यंत्राचं होतं. १ जून १८६९, तेव्हा तो २२ वर्षांचा होता. सदस्याने आपल्या जागेवरून कळ फिरवायची, तारेतून प्रवाह जाऊन 'होय' किंवा 'नाही'च्या रकान्यात त्याचं नाव कागदावर उमटायचं. यंत्र वॉशिंग्टनला दाखवायला नेलं तर तिथल्या समितीने ते नाकारलं. यंत्र बिघडतं म्हणून नव्हे; ते फार लवकर आणि फार चोख काम करतं म्हणून! मतदान लांबवून मधल्या वेळात जुळवाजुळव करणं हे तिथल्या राजकारण्यांचं हत्यार होतं आणि हा पोरगा तेच काढून घ्यायला निघाला होता. पुढे विस्कॉन्सिन राज्याच्या विधानसभेने १९१७ मध्ये विजेचं यंत्र बसवलं, अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने १९७३ मध्ये. यंत्र सुचल्यापासून एका शतकाहून जास्त काळ. यंत्राला एवढा वेळ लागत नाही. माणसांना लागला.

आपल्या लोकसभेने त्यामानाने उशीर केला नाही. १९५७ मध्येच तिथे आपोआप मत नोंदणारं यंत्र आलं. ते कसं चालतं हे ऐकण्यासारखं आहे. प्रत्येक सदस्याच्या जागेला क्रमांक ठरलेला. घंटा वाजते. एका हाताने मतदानाची कळ दाबायची आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने तीनपैकी एक बटण दाबायचं: हिरवं होयसाठी, लाल नाहीसाठी, पिवळं तटस्थ राहण्यासाठी. दुसरी घंटा होईपर्यंत, म्हणजे दहा सेकंद, दोन्ही हात उचलायचे नाहीत. दोन्ही हात अडकवण्यात शहाणपण आहे. शेजारच्या रिकाम्या जागेचं बटण दाबायला हात मोकळा राहत नाही. मग भिंतीवरच्या फलकावर आकडे उमटतात. चुकलं असेल तर चिठ्ठी देऊन दुरुस्त करता येतं.

यंत्र म्हणजे जादू नव्हे, हेही सांगून टाकते. २० सप्टेंबर २०२३ ला नव्या संसद भवनात महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत आलं तेव्हा मतदान चिठ्ठ्यांनी झालं. बाजूने ४५४, विरोधात २. नव्या लोकसभेत यंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं ते १७ डिसेंबर २०२४ ला, 'एक देश, एक निवडणूक' विधेयक मांडण्याच्या वेळी. यंत्रावर आधी २२० विरुद्ध १४९ दिसलं आणि चिठ्ठ्या मिळवल्यावर २६९ विरुद्ध १९८ झालं. यंत्र अडलं तर चिठ्ठी चालते, चिठ्ठी नसेल तर नाव पुकारून चालतं. अट एकच, नाव नोंदलं गेलं पाहिजे.

त्या नावाने काय होतं? महिला आरक्षणाचंच पाहा. राज्यघटना दुरुस्त करायची तर दोन तृतीयांश बहुमत लागतं, त्यामुळे तिथे मोजल्याशिवाय गत्यंतर नसतं. ९ मार्च २०१० ला राज्यसभेने हे विधेयक १८६ विरुद्ध १ मताने संमत केलं. तो एक कोण, हे साऱ्या देशाला कळलं: शरद जोशी. ज्यांनी १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं एवढं मोठं अधिवेशन भरवलं, ज्यांनी 'लक्ष्मी मुक्ती'त शेतकऱ्यांना जमीन बायकोच्या नावे करायला लावली, त्यांनीच आरक्षणाला 'नाही' म्हटलं. राखीव मतदारसंघ दर निवडणुकीला फिरते ठेवण्याची पद्धत त्यांना मान्य नव्हती. मला त्यांचं म्हणणं पटत नाही. पण त्यांच्याशी भांडता आलं. तुम्ही 'नाही' का म्हणालात, असं त्यांना विचारता आलं, त्यांनी उत्तरही दिलं, आणि शेतकरी महिला आघाडीच्या बायकांनाही आपल्या नेत्याच्या त्या मताचं काय करायचं ते ठरवता आलं. २०२३ च्या लोकसभेतले ते दोघेही माहीत आहेत: असदुद्दीन ओवेसी आणि तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील. मुस्लीम आणि इतर मागासवर्गीय बायकांना वेगळा वाटा हवा, हे त्यांचं कारण. त्यावरही आपल्यात बोलणं झालं पाहिजे आणि होतंही आहे. वादासाठी समोर माणूस लागतो, 'संमत झाले' या दोन शब्दांशी वाद घालता येत नाही.

एक आक्षेप हमखास येतो. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर सगळे व्हीपप्रमाणेच मत देतात, मग नावं नोंदून काय मिळणार? पक्षाचं नाव कळलं की झालं. यात तथ्य आहे, पण अर्धंच. व्हीप निघाला असेल तर तो कुठल्या बाजूचा हे नावांवरून दिसेल. डान्सबारच्या वेळी कुणी व्हीप काढला होता का, हेसुद्धा आज सांगता येत नाही. आणि गैरहजेरी? व्हीप मोडायचा नाही आणि मतही द्यायचं नाही, म्हणून त्या दिवशी आजारी पडणारे, चहाला गेलेले आमदार असतात. आवाजी मतदानात ते आपोआप 'एकमता'त जमा होतात. यंत्राच्या नोंदीत त्यांची जागा रिकामी दिसते. पिवळ्या बटणाचीही मला गंमत वाटते. 'मी यात नाही' असं म्हणण्याची हिंमतसुद्धा कुठेतरी उमटायला जागा हवी.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: यंत्र बसवलं तरी अध्यक्षांनी वापरलं नाही तर? २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत शेतीची विधेयकं आली तेव्हा विरोधकांनी मतविभागणी मागितली होती. गोंधळात आवाजी मतदान झालं आणि विधेयकं संमत ठरली. त्या कायद्यांसाठी शेतकरी वर्षभर दिल्लीच्या सीमेवर बसले आणि शेवटी २०२१ मध्ये ते कायदे मागे घ्यावे लागले. म्हणून नुसतं बटण मागून भागणार नाही. विधेयकाच्या शेवटच्या वाचनाला मत नोंदणं सक्तीचं करा, कुणी मागो न मागो, असं नियमात आलं पाहिजे. अध्यक्षांच्या मर्जीचा त्यात प्रश्नच येऊ नये.

१० जुलै २०२५ ला महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजी मतदानाने संमत झालं. संयुक्त समितीकडे लोकांच्या बारा हजारांवर सूचना आणि हरकती आल्या होत्या. संघटना बेकायदा ठरवायचा, तिच्या सभासदाला, तिला वर्गणी देणाऱ्याला तुरुंगात पाठवायचा अधिकार सरकारला देणारा हा कायदा. मोर्चा काढणाऱ्या, धरणं धरणाऱ्या आपल्यासारख्या संघटनांना त्याची भीती वाटते, ती उगीच नाही. विधानसभेत डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी विरोध केला, हे वर्तमानपत्रांमुळे कळलं. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. पण विधानसभेत बाकीचे काय म्हणाले? विरोधी बाकांवरच्या किती जणांनी 'नाही' म्हटलं, किती गप्प बसले? त्याच आठवड्यात पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत आमच्या बचतगटाच्या बैठकीत हा विषय निघाला. एक मावशी म्हणाल्या, 'आपल्यावाल्याने काय केलं, ते सांग.' मला सांगता आलं नाही. आम्ही चौघी त्या आमदारांच्या कार्यालयात गेलो. तिथल्या कार्यकर्त्याने चहा दिला आणि सांगितलं, 'साहेबांचा विरोधच होता हो.' असेल. नसेलही. पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर सत्ताधारी म्हणतील आम्ही पाठिंबा दिला, विरोधक म्हणतील आम्ही कडाडून विरोध केला, आणि यातल्या कुणाचं खोटं आहे ते दाखवायला आपल्या हातात काहीही नसेल. 'शक्ती' विधेयकाचंही असंच. फाशीच्या तरतुदीला स्त्री संघटनांनी आक्षेप घेतले होते. २०२१ च्या डिसेंबरमध्ये ते एकमताने संमत झालं आणि पुढे केंद्राच्या मंजुरीवाचून अडलं.

सभागृहात एखादी बाई काय करू शकते, हे उपनगरांना नव्याने सांगायला नको. गोरेगावच्या मृणाल गोरे यांनी १९८६ मध्ये गर्भलिंग चाचणीच्या विरोधात खाजगी विधेयक मांडलं. बाहेर मुंबईतल्या स्त्री संघटनांची मोहीम चालू होती. १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला तसा कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राने. खाजगी विधेयक मांडलं की मांडणारीचं नाव नोंदीत येतं. तिच्या नावावर बाहेरच्या बायकांना उभं राहता आलं, तिला जाब विचारता आला, तिच्यासाठी मोर्चा काढता आला. बाकीच्यांच्या नावांचीही तशीच सोय व्हावी.

तर करायचं काय? मला सुचतं ते असं. पुढच्या अधिवेशनाच्या आधी उपनगरातल्या २६ आमदारांना, आणि राज्यातल्या २१ महिला आमदारांना तर नक्कीच, प्रत्येक गटाने आपल्या लेटरहेडवर पत्र द्यावं. पत्रात दोनच मागण्या: विधेयकाच्या अखेरच्या वाचनाला नावानिशी मत नोंदण्याची नियम-दुरुस्ती तुम्ही नियम समितीकडे मागा, आणि ती होईपर्यंत ज्या विधेयकांचा बायकांशी, कामगारांशी, वस्त्यांशी संबंध आहे त्यांवर तुम्ही स्वतः उभं राहून मतविभागणी मागा. पत्राची पोच घ्यावी, शिक्का आणि तारीख पाहून घ्यावी. अधिवेशन संपल्यावर पुन्हा जाऊन विचारावं. पुरुष आमदारांकडे जाताना तीन-चार जणींनी मिळून जावं, एकटीला बाहेरच्या बाकावर तासभर बसवून ठेवतात. आलेलं उत्तर, किंवा उत्तर न आल्याची तारीख, आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात मतदारसंघाच्या नावासह छापू.